चाक बाहेर नेण्याबाबत

आमच्या स्कूटरचं पुढचं चाक बेचाळीसच्या वेगाला थरथरतं, एक्केचाळीसला नाही आणि पन्नासच्या पुढेही नाही, हा शोध माझ्या बायकोचा. स्कूटरही तिचीच. ती फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर घरोघर फिरून लोकांचे आखडलेले खांदे मोकळे करते, नव्या गुडघ्यांना जिने चढायला शिकवते. मी एका मोठ्या कार्यालयात आवक-जावक विभागात आहे. आलेलं पत्र आत घ्यायचं, निघालेलं बाहेर सोडायचं. या कामात माणसाला कुतूहल असून चालत नाही, कारण पाकिटं दुसऱ्यांच्या नावाची असतात. त्यामुळे माझं कुतूहल दिवसभर साठून राहतं आणि संध्याकाळी घरातल्या वस्तूंवर निघतं. मिक्सर, टेबलफॅन आणि भिंतीवरचं घड्याळ या तिघांना त्याचा अनुभव आहे. घड्याळ अजून चालतं.

"टायर पार घासलाय," बायको म्हणाली. "उद्या दुकानात नेऊन नवा बसवून आणा. अर्ध्या तासाचं काम आहे."

तिच्या वाक्यात 'दुकानात' हा शब्द होता, हे मी आधीच कबूल करून टाकतो.

मी शनिवारी दुकानात गेलोसुद्धा. टायरवाला एकेक चाक मशीनवर चढवत होता. झाकण ओढायचं, चाक गरगरा फिरायचं, थांबायचं, आणि पडद्यावर एक आकडा यायचा. मग तो शिशाचा एक बारकासा तुकडा चाकाच्या कडेला चिकटवायचा आणि पुन्हा फिरवायचा. आकडा शून्य. मी अशी तीन चाकं गप्प उभं राहून पाहिली. चौथ्याला राहवेना.

"हे कशासाठी हो?"

"बॅलन्सिंग. चाक एका अंगाला जड असलं की गाडी थरथरते."

"पण जड कुठल्या अंगाला आहे, ते कसं कळतं?"

"मशीन सांगतं."

"मशीनला कसं कळतं?"

टायरवाल्याने हातातला पान्हा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "साहेब, मागे गाड्या थांबल्यात."

मी मागे पाहिलं. एक सायकल होती, आणि तिचा मालक ती भिंतीला टेकवून कुठे तरी निघून गेला होता.

आता यात रागावण्यासारखं काय होतं, असं बायकोने नंतर विचारलं. मलाही नीटसं सांगता आलं नाही. एवढंच खरं की, प्रश्न विचारल्यावर 'माहीत नाही' असं उत्तर मिळालं तर माझं काही म्हणणं नसतं. 'मागे गाड्या थांबल्यात' हे उत्तर मी शाळेपासून ऐकत आलोय. मी ताठ झालो आणि म्हणालो, "मला फक्त टायर द्या. मी घरी बसवीन."

"घरी?" टायरवाल्याने विचारलं. एखादा माणूस दाढ घरीच काढीन म्हणाल्यावर दंतवैद्य जसं विचारेल, तसं.

रविवारी सकाळी आठ वाजता मी इमारतीच्या पार्किंगमध्ये जुनी चादर अंथरली. सव्वाआठला मायक्रॉनकाका स्टूल घेऊन खाली आले. हे आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. चौतीस वर्षं एका कारखान्यात लोखंडी दांड्यांची जाडी मोजण्याचं काम केल्यामुळे त्यांना जगातली कुठलीच वस्तू सरळ दिसत नाही. आमच्या दाराची चौकट तीन मिलिमीटर कलली आहे, हे ते दर भेटीत सांगतात आणि मग दुखवट्याला आल्यासारखे थोडा वेळ गप्प बसतात. काम करणारा आणि मोजणारा माणूस वेगळा असावा, असा त्यांचा सिद्धान्त असल्यामुळे त्यांनी आठवडाभर एकाही वस्तूला हात लावला नाही.

चाक निघालं ते मात्र झकास. आसाचा नट सुटला, ब्रेकची केबल सुटली, आणि सव्वानऊला चाक माझ्या मांडीवर होतं. मी खिडकीकडे पाहून बायकोला हाक मारली. ती बाल्कनीत आली, चाक पाहिलं, पुढच्या बाजूने विटांवर टेकवलेली स्कूटर पाहिली, आणि म्हणाली, "उद्या नऊला मला पहिली व्हिजिट आहे."

"तासाभरात होतंय," मी म्हणालो.

टायर रिमला किती घट्ट चिकटलेला असतो, याची कल्पना तुम्हाला नसेल. मला तर नव्हतीच. हवा सोडली, साबणाचं पाणी ओतलं, टाचेने दाबलं. मग टायरवर उभा राहिलो. मग उडी मारली. मायक्रॉनकाका म्हणाले, "वजन किती तुमचं?" मी सांगितलं. "कमी पडतं," ते म्हणाले. मग तळमजल्यावरचे एक जाडजूड सद्गृहस्थ वर्तमानपत्र आणायला निघाले होते, त्यांनाही विनंती करून टायरवर उभं केलं. ते पाच मिनिटं उभे राहिले, तिथेच वर्तमानपत्रवाल्याशी गप्पा मारल्या आणि उतरून गेले. टायर तसाच.

दुपारी एकला बायको जेवायला बोलवायला खाली आली. तिने गुडघे टेकले आणि टायरच्या कडेवरून बोटं फिरवली.

"कुठे धरलंय?"

"सगळीकडेच."

"सगळीकडे कधीच नसतं. एके ठिकाणी धरलेलं असतं, बाकीचं भीतीने आखडतं." तिने तळहाताचा खालचा भाग एका जागी टेकवला, कोपर सरळ केलं, खांद्यातून सावकाश वजन दिलं आणि तसंच धरून ठेवलं. मी काही बोलणार तेवढ्यात 'फट' असा आवाज झाला आणि टायर रिमवरून खाली बसला.

"पाच महिने वर न जाणारा हात असाच सुटतो," ती उठत म्हणाली. "जेवायला चला."

मायक्रॉनकाका स्टुलावरून अर्धे उठले होते. "हिचं किती वजन असेल?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं. हा प्रश्न मी वर पोचवला नाही.

जुना टायर काढायला आणि नवा चढवायला दुकानदारांकडे लांब लोखंडी पट्ट्या असतात. माझ्याकडे उलथनी होती. पहिलं वाकलं, दुसरं वाकलं, तिसऱ्याने टायर चढला. सोमवारी संध्याकाळी आम्ही हवा भरायला बसलो. या टायरला आत ट्यूब नसते; मी पंप मारायचो आणि हवा टायर आणि रिमच्या फटीतून, जणू तिचा आमच्याशी काही संबंध नाही अशी, बाहेर निघून जायची. मायक्रॉनकाका म्हणाले की टायरला मधोमध आवळलं पाहिजे, म्हणजे त्याच्या कडा बाहेर पसरतील. दोरीने आवळला, दोरी निसटली. शेवटी मी बायकोची रबरी पट्टी आणली. ही पट्टी ताणून तिचे पेशंट व्यायाम करतात. तिचे सात वेढे टायरला दिले आणि पंपावर जीव काढला. फटीतली हवा थांबली. टायर फुगू लागला. मी आनंदाने आणखी चार दणके दिले, आणि टायरच्या दोन्ही कडा एकापाठोपाठ एक जागेवर बसल्या.

याचा आवाज बंदुकीसारखा होतो. दुकानात तो रोज होतो, म्हणून कुणी लक्ष देत नाही. आमच्या पार्किंगमध्ये तो प्रथमच होत होता. दोन मिनिटांत पाच मजल्यांच्या बाल्कन्या भरल्या आणि सोसायटीचे सेक्रेटरी एका पायात चप्पल घालून खाली आले.

"काय फुटलं?"

"काही फुटलं नाही. बसलं."

"काय बसलं?"

"टायर."

त्यांनी चादर, उलथनी, साबणाची बादली आणि रबरी पट्टीत गुंडाळलेलं चाक पाहिलं. पुढे काहीच विचारलं नाही. न विचारणारी माणसं लिहितात, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

मंगळवारी आमच्या घरी दोन पत्रं आवक झाली. एक सोसायटीचं. इमारतीच्या आवारात 'यांत्रिक व स्फोटसदृश स्वरूपाचे उद्योग' करू नयेत, अशी त्यात समज होती. स्फोटसदृश हा शब्द मला मनापासून आवडला. दुसरं पत्र बायकोचं. शहराबाहेर अपघातातल्या आणि पक्षाघाताच्या रुग्णांसाठी एक मोठं पुनर्वसन केंद्र आहे. तिथे तिने दोन वर्षांपूर्वी अर्ज केला होता आणि आता ती गोष्ट आम्ही दोघांनीही मनातून काढून टाकली होती. त्यांनी शनिवारी अकरा वाजता मुलाखतीला बोलावलं होतं.

तिने पत्र दोनदा वाचलं. घरोघर जिने चढून तिचे स्वतःचे गुडघे आता बोलू लागलेत. ते ती कुणाला सांगत नाही, पण रात्री पाय उशीवर ठेवून झोपते.

"तिथे बस सकाळी सहाला जाते," ती म्हणाली, "नाहीतर थेट संध्याकाळी चारला."

"स्कूटर असेल ना," मी म्हणालो.

तिने पत्राची घडी घालून ते पर्समध्ये ठेवलं. सोमवारपासून ती दोन बस बदलून व्हिजिटला जात होती आणि त्याबद्दल तिने तक्रार केली नव्हती. भांडण झालं असतं तर मला निदान बाजू मांडता आली असती.

आता खरं तर चाक बसवून टाकायला हवं होतं. पण मग तोलाचं काय? सगळा खटाटोप ज्या प्रश्नासाठी झाला तो तसाच राहिला असता, आणि थरथरही. बुधवारी मी घरातच दोन खुर्च्या एकमेकांपासून वीतभर अंतरावर ठेवल्या, चाकाच्या मध्यातून कांब घातली आणि कांबेची टोकं दोन्ही खुर्च्यांवर टेकवली. विचार अगदी साधा होता. चाक मोकळं सोडलं की जड बाजू आपोआप खाली येईल. मग तिच्या बरोबर समोर, वरच्या अंगाला, थोडंथोडं वजन लावत जायचं. चाक कुठेही ठेवलं तरी तिथेच राहिलं, की तोल साधला. हे मला रात्री अंथरुणात सुचलं होतं, आणि त्या मशीनच्या पोटात यापेक्षा फार वेगळं काही नसणार या विचाराने मला बराच वेळ झोप लागली नव्हती.

चाक सुटलं, फिरलं, झुललं, आणि मग कांबेसकट घरंगळत खिडकीकडे निघालं.

मायक्रॉनकाकांनी खिशातून एक गोटी काढून जमिनीवर ठेवली. गोटीही खिडकीकडे निघाली. "तुमची फरशी पूर्वेला उतरते," ते म्हणाले. "माझी पश्चिमेला. या इमारतीत सपाट जागाच नाही. माझं सगळ्यांकडे बघून झालंय." ते खिन्न होऊन गोटीच्या मागे गेले.

आणि मला आठवलं की, आमच्या कार्यालयात माझ्या टेबलाशेजारी ग्रॅनाइटचा एक जाड ओटा आहे. पत्रांचं वजन करायचा काटा त्यावर ठेवलेला असतो. तो ओटा सपाट आहे की नाही हे दरवर्षी दोन माणसं येऊन तपासतात आणि प्रमाणपत्र लावून जातात.

गुरुवारी मी चाक पिशवीत घालून बसने कार्यालयात नेलं. फाटकावर कुणी विचारलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मी ओट्यावर एकसारखे दोन उंच खोके ठेवून त्यांच्यावर पोलादी पट्ट्या उभ्या लावल्या आणि त्यांवर कांब ठेवली. चाक सोडलं. ते सावकाश डुललं, थांबलं. खडूची खूण केली. पुन्हा सोडलं. तीच खूण खाली! दहादा सोडलं, दहादा तीच. एव्हाना लेखा विभाग डबे घेऊन माझ्या टेबलाभोवती आला होता. वजन म्हणून काय लावायचं हा प्रश्न टंकलेखिका बाईंनी सोडवला. त्यांनी मोठ्या स्टेपलरच्या पिनांच्या पट्ट्या पुढे केल्या. चिकटपट्टीने एक पट्टी लावली, मग दोन, मग आठ. प्रत्येक पट्टीसरशी चाक जास्त जास्त आळशी होत गेलं. तेराव्या पट्टीला ते जिथे ठेवू तिथे राहू लागलं. काट्यावर तेरा पट्ट्यांचं वजन एकवीस ग्रॅम भरलं. टाळ्या झाल्या. आमच्या विभागात यापूर्वी टाळ्या कधी झाल्याचं कुणाला आठवत नाही.

साडेपाचला फाटकावरच्या सुरक्षारक्षकाने पिशवी उघडायला सांगितली.

"हे काय?"

"चाक. माझं आहे. सकाळी मीच आत आणलं."

त्याने वही उलटली. "नोंद नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"नोंद नाही म्हणजे चाक आत आलेलं नाही," तो शांतपणे म्हणाला. "आत आलेलं नाही, तरी आत आहे. म्हणजे ते इथलंच आहे. इथलं सामान गेटपासशिवाय बाहेर जात नाही."

या तर्कात मला अजूनही चूक सापडलेली नाही. या इमारतीतून अठरा वर्षं जे जे बाहेर गेलं ते माझ्या शिक्क्याने गेलं. मंत्र्यांना पत्रं गेली, परदेशात पार्सलं गेली. आणि मला स्वतःला एक चाक जावक करता येईना. चाक रक्षकाच्या खोलीत राहिलं आणि मी रिकामी पिशवी घेऊन घरी आलो.

"चाक कुठे आहे?" बायकोने विचारलं.

"कार्यालयात."

"का?"

"बाहेर सोडत नाहीत."

तिने माझ्या हातातली पिशवी घेऊन खुंटीला अडकवली. मग फोन उचलला आणि शनिवारी सकाळी साडेनऊसाठी एक भाड्याची गाडी सांगितली. माझ्यासमोर. मी टेबलफॅनकडे बघत बसलो.

शुक्रवारी रक्षकाच्या खोलीतलं चाक घेऊन मी भांडार अधिकारी बाईंपुढे उभा राहिलो. गेटपास त्या देतात. त्यांचा चष्मा साखळीला असतो आणि कुठलाही कागद त्या आधी चष्म्याशिवाय आणि मग चष्म्याने वाचतात.

"चाक कुणाचं?"

"माझं. म्हणजे, स्कूटर बायकोच्या नावावर आहे."

"म्हणजे तुमचं नाही."

"नवरा आहे मी तिचा."

"ते मी नोंदवू शकत नाही. त्यांचं संमतिपत्र आणा, गाडीच्या नोंदणीची प्रत आणा." त्यांनी चाक फिरवून पाहिलं. "आणि या पिना?"

मी चाक थोडं माझ्याकडे वळवलं.

"चाक तुमच्या पत्नीचं आहे असं गृहीत धरू," त्या म्हणाल्या. "पिना कार्यालयाच्या आहेत. खाजगी मालमत्तेला चिकटवलेली कार्यालयीन मालमत्ता बाहेर सोडण्याचा फॉर्म माझ्याकडे नाही." त्यांनी एका पट्टीवरून नख फिरवलं. "पण का चिकटवल्यात?"

मी सांगितलं. चष्म्याशिवाय ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. "उद्या शनिवार असला तरी मी साठा मोजायला नऊला येतेय," त्या म्हणाल्या. "पत्र आणा. पिना काढून मोजून जमा करा. चिकटपट्टी मी सोडून देते."

त्या संध्याकाळी बायकोने संमतिपत्र लिहायला घेतलं. मी मजकूर सांगत होतो. "'माझ्या स्कूटरचे पुढील चाक माझ्या पतीने माझ्या संमतीने...'"

तिचं पेन थांबलं. "संमतीने?"

"तसं लिहावं लागतं."

तिने लिहिलं, 'माझ्या डोळ्यांदेखत'. भांडार अधिकारी बाईंनी ते चालवून घेतलं.

शनिवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी तेरा पट्ट्या जमा झाल्या. त्या जिथे होत्या तिथे मी पेन्सिलीने बारीक रेघ मारून घेतली. गेटपासवर 'चाक, नग एक, परत न करण्याच्या अटीवर' असं लिहिलं होतं. मी फाटकाबाहेर पडलो आणि फोन वाजला.

"भाड्याची गाडी येत नाहीये," बायको म्हणाली. तिचा आवाज फार सपाट होता. "त्याचा टायर बसलाय."

माझ्या हातात एक चाक होतं, त्याचा तोल पुन्हा गेलेला होता, आणि लावायला एक पिन नव्हती. मान खाली घालून मी टायरवाल्याच्या दुकानात शिरलो आणि चाक त्याच्यापुढे ठेवलं.

"मला साडेदहापर्यंत बाहेर पडायचंय," मी म्हणालो. "बायकोची मुलाखत आहे. काही विचारणार नाही मी. तुम्ही फक्त करा."

त्याने चाक मशीनवर चढवलं. ते गरगरलं, थांबलं. पडद्यावर वीस आकडा आला. त्याने जागा शोधत बोट फिरवलं आणि बोट माझ्या पेन्सिलीच्या रेघेपासून नखभर अंतरावर थांबलं. रेघेशेजारी मी लिहिलं होतं: २१.

"हे कुणी काढलं?"

"मी."

"कशावर?"

"टेबलावर."

तो वाकून रेघ बघत राहिला. मागे एक मोटरसायकलवाला हॉर्न वाजवत होता, तिकडे त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. "साहेब, अकरा वर्षं हे मशीन चालवतोय," तो म्हणाला. "लोक विचारतात, याला कसं कळतं. मला कुणी शिकवलंच नाही. घेतलं तेव्हा बटणं तेवढी दाखवली. मग मी आपला सांगतो, गाड्या थांबल्यात." मग एकदम त्याचा चेहरा बदलला. त्याने टायरच्या बाजूवरचा एक बाण दाखवला. "पण टायर उलटा बसवलाय तुम्ही. हा बाण पुढे पाहिजे."

बाण अंगठ्याएवढा मोठा होता. आठवडाभर तो माझ्याकडे पाहत होता आणि मी तो कंपनीचा शिक्का समजत होतो. मायक्रॉनकाकांना तो दिसला नव्हता, कारण तो सरळ होता.

टायरवाल्याने टायर उतरवला, फिरवला, बसवला, पुन्हा तोल काढला, चार मिनिटं. मग दुकान मोटरसायकलवाल्याच्या स्वाधीन करून तो हत्यारांची पेटी घेऊन माझ्याबरोबर आमच्या पार्किंगमध्ये आला. चाक तो बसवत होता आणि प्रश्न मला विचारत होता. पट्ट्या उभ्या का? आडव्या का नाहीत? घासण कमी, मी म्हटलं. मग त्याने मशीनबद्दल विचारलं. मी म्हटलं, जड बाजू फिरताना आस ओढते, आणि ती ओढ कधी लागते हे आत काही तरी टिपत असणार. पण खात्रीने मलाही माहीत नाही. "मला वाटलंच होतं ओढत असणार," तो म्हणाला आणि नट आवळायचा थांबला. बायको हेल्मेट घालून जिन्यात उभी होती. तिने घड्याळ दाखवलं. तो पुन्हा आवळू लागला.

निघालो तेव्हा अकराला पाच मिनिटं कमी होती. स्कूटर तिने चालवली, मी मागे फाइल धरून बसलो. बेचाळीसला तिने वेग मुद्दाम धरून ठेवला. चाक गप्प होतं. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. "फाइल वाकतेय," ती म्हणाली.

केंद्रावर पोचलो तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. ती धावत आत गेली. मी पार्किंगमध्ये उभा राहिलो. माझी बोटं आणि तळहात काळे होते. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. हाकलून द्यायला इतका वेळ लागत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग आठवलं की माणसं ताटकळतही ठेवतात. दोन वर्षं वाट पाहिल्यावर आलेलं पत्र, आणि त्याला मी वीस मिनिटं उशीर चिकटवला होता. ती आतून बाहेर आली की काय म्हणायचं, याची मी तीन वाक्यं तयार केली, आणि तिन्ही मलाच पटली नाहीत.

पाऊण तासाने ती दारात आली. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"काय विचारलं?"

"आधी विचारलं, उशीर का झाला."

"मग?"

"सांगितलं. सगळं. पिनांसकट."

मी डोळे मिटले.

"गुडघ्यांवर दोनच प्रश्न आले," ती म्हणाली. "बाकी वेळ ते तिघंही चाकावरच. कांब कशी ठेवली, फरशी उतरती होती ती कशी कळली. त्यातले मोठे डॉक्टर तर उठून पेन्सिल टेबलावरून घरंगळवून बघत होते."

"आणि नोकरी?"

"एक तारखेपासून या म्हणालेत." आता कुठे तिचा आवाज जरा हलला. मला तिचा हात धरायचा होता, पण माझे हात तसे होते. तिनेच माझं मनगट धरलं, जिथे स्वच्छ होतं तिथे. "चला आत. तुम्हाला बोलावलंय."

"मला कशाला?"

"त्यांच्या चाकांच्या खुर्च्या सरळ जात नाहीत. दुरुस्तीवाला येतो, तेल घालतो आणि म्हणतो, जमीनच तशी आहे."

आत एक लांबलचक दालन होतं, आणि भिंतीला लागून चाकांच्या अकरा खुर्च्या. बाराव्या खुर्चीत एक आजी बसल्या होत्या. पांढरे केस आखूड कापलेले, एक हात मांडीवर निपचित, दुसरा चाकावर. मला बघताच त्यांनी खुर्ची ढकलून दाखवली. ती दोन हात सरळ गेली आणि मग डावीकडे वळू लागली.

"बघितलंस?" आजी म्हणाल्या. "मला जायचं असतं खिडकीपाशी, आणि ही मेली मला रोज औषधांच्या कपाटापाशी नेऊन सोडते."

मी गुडघ्यावर बसलो. पुढचं छोटं चाक बोटाने फिरवलं. ते फिरलं, डुललं, एका जागी थांबलं. पुन्हा फिरवलं. दुसरीकडेच थांबलं. म्हणजे तोलाचं नाही हे. मग काय असेल? मी आणखी खाली वाकलो.

बायको माझ्या कानाशी आली. "फक्त बघायचं. सोडवायचं काही नाही."

"नाही, नाही."

आजींनी चांगल्या हाताने खुर्चीचा ब्रेक ओढला. "सोडवू दे गं त्याला," त्या म्हणाल्या, आणि मान वाकडी करून माझ्या बोटांकडे पाहू लागल्या. "फक्त मलाही दिसेल असं सोडव हं, बाळा."